खालच्या पोर्टमधला हेडफोन

१

सुमेधाबाईंनी पडद्याचे बटण दाबले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. संगणक बंद असायला हवा होता. पण पडद्यावर करड्या रंगाची एक लहानशी चौकट उभी होती आणि तिच्यात प्रश्न होता: नवीन उपकरण बसवले आहे, बदल लागू होण्यासाठी संगणक पुन्हा सुरू करावा लागेल, आता करायचा का? खाली दोन बटणे. हो आणि नाही.

"बाई, ये क्या पूछ रहा है?" अंजनीने मान पुढे घालून विचारले.

"मराठीत."

"हे काय पूछून राहिलं?"

"विचारून राहिलं. ते म्हणतंय, माझ्याकडे कोणीतरी नवीन आलंय."

"पर नवीन तो कुछ है ही नहीं."

खरेच नव्हते. जबलपूरच्या राइट टाऊनमधल्या एका दुमजली घराच्या तळमजल्यावरचे ते शारदा बालवाचनालय. मराठी शाळा बंद पडली तेव्हा तिची पुस्तकांची कपाटे इथे आली, आणि त्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलेल्या सुमेधाबाई कपाटांच्या मागोमाग आल्या. दर शनिवारी मुले जमत. मराठी समजणारी, पण बोलायची वेळ आली की हिंदीत सटकणारी.

परवा, खंडेनवमीला, इथल्या सगळ्या वस्तूंची पूजा झाली होती. ग्रंथपाल सत्यभामाबाईंनी संगणकाच्या सगळ्या तारा काढून तो पुसला, तारा पुन्हा जिथल्या तिथे लावल्या, डब्याच्या पुढच्या अंगाला हळदकुंकू लावले, हेडफोनची गुंडाळी करून समोर ठेवली आणि तिच्यावर झेंडूचे फूल. वाचनालयाची एक रीत होती. पूजेपासून कोणी कशाला हात लावायचा नाही. दसऱ्यानंतर दार उघडले की वर्गातले सर्वांत धाकटे मूल ओल्या फडक्याने कुंकू पुसणार, मगच काम सुरू. आज ते फडके अंजनीच्या हातात होते.

"थांब. पुसू नकोस," बाई म्हणाल्या.

त्या वाकल्या. डब्याच्या पुढे दोन यूएसबी पोर्ट होते, एकावर एक. वरच्या पोर्टच्या तोंडावर कुंकवाचा ठसठशीत टिळा होता, त्यात अक्षतांचे दोन दाणे चिकटलेले. ठसा जराही हललेला नव्हता. आणि हेडफोनची तार, जी परवा गुंडाळून ठेवली होती, ती खालच्या पोर्टमध्ये शिरली होती.

"बघा रे मुलांनो," बाईंनी सवयीने धडा सुरू केला. "या घराला दोन दारं आहेत असं समजा. राखणदार मोठा विसरभोळा. पाहुणा रोज पुढच्या दाराने आला तर ओळखतो. तोच पाहुणा मागच्या दाराने आला की विचारतो, तू कोण? मग सगळी चौकशी नव्याने. आपला हेडफोन नेहमी वरच्या दाराने येतो. आज तो खालून आला, म्हणून संगणकाला वाटलं, कोणी नवीनच आलंय."

"पर लाया कौन?"

बाईंनी चौकट बाजूला सारली आणि 'गोष्टी' नावाची फाइलींची जागा उघडली.

ती रिकामी होती. कचरापेटीही रिकामी.

"काय झालं ग?" कपाटापाशी पुस्तके लावणाऱ्या सत्यभामाबाईंनी विचारले.

"भय्यासाहेबांच्या गोष्टी गेल्या," सुमेधाबाई म्हणाल्या.

सत्यभामाबाईंच्या हातातले पुस्तक तसेच राहिले. "सगळ्याच?"

२

भय्यासाहेब सत्यभामाबाईंचे यजमान. नोकरी वनखात्यात, उमेदीची वर्षे कुंडमच्या जंगलात गेलेली. निवृत्तीनंतर ते दर शनिवारी मुलांना गोष्टी सांगत आणि सुमेधाबाई त्या संगणकावर नोंदवून घेत. ऐन उन्हाळ्यात ते गेले. आता त्यांचा आवाज एवढ्याच ठिकाणी उरला होता.

आणि काय आवाज! जबलपूरची घरची मराठी, मध्येच हिंदीची फोडणी, आणि प्रत्येक गोष्टीत 'आमची भामी'. भामी ट्रंक कॉलवर बोलताना डोक्यावर पदर घेते. भामी पाटणच्या बाजारात बकरीऐवजी बोकड घेऊन येते आणि त्याचं दूध काढायला बसते. सगळ्यांत लाडकी गोष्ट अस्वलाची. कुंडमच्या बंगल्यात संध्याकाळी ओसरीवर काळी छत्री टांगलेली असते, भामीला वाटतं अस्वल, आणि ती किंचाळत झाडावर चढते. मुले हसून लोळत. मोठी माणसेही. मागच्या कपाटापाशी सत्यभामाबाई हसून म्हणत, "चला, पुस्तकं परत करा आता."

या गोष्टींची सीडी निघणार होती. नागपूरपर्यंतच्या मराठी घरांत जाणार होती. कोऱ्या सीडींचे खोकेही आले होते, पण नवी वस्तू पूजेआधी वापरायची नाही म्हणून ते खोके हळदकुंकू लावून तसेच ठेवलेले. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

बातमी कळताच वाचनालयाचे कार्यवाह शरच्चंद्रराव आले. वरच्या मजल्यावरून घरमालक नीलकंठही उतरला. तो वर कम्प्युटरचे क्लासेस घेई आणि तळमजल्यावर त्याचा डोळा होता.

"दाराचं कुलूप शाबूत. किल्ल्या चार," शरच्चंद्रराव म्हणाले. ते मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, बोलणे अगदी छापील. "माझ्याकडे, सत्यभामाबाईंकडे, नीलकंठकडे आणि त्या दिवाकरकडे. आता मला सांगा, आमच्यापैकी कोणाला उपकरणाचा ड्रायव्हर बसवता येतो? संगणक स्वतःच सांगतो आहे की नवीन उपकरण बसवलं. हे काम जाणकाराचंच."

"नीलकंठला येतं," बाई म्हणाल्या.

"अरे वा, दीदी! मला यहाँ खोली पाहिजे, तुमच्या गोष्टी घेऊन काय करू?" नीलकंठ हसला.

तेवढ्यात दिवाकर आला. बाईंचाच जुना विद्यार्थी. सदर नावाच्या वस्तीत त्याचे दुरुस्तीचे दुकान होते आणि वाचनालयाचा संगणक तो बिनपैशाने सांभाळी. पूजेच्या आदल्या दिवशी त्यानेच, गोष्टींना धक्का न लावता, विंडोज नव्याने टाकली होती.

"बाई, कोणी हात नका लावू!" तो दारातूनच म्हणाला. "पुसलेली फाइल लगेच मरत नाही. फक्त तिच्यावरची पाटी निघते. वर दुसरं काही लिहिलं गेलं नाही तोवर वापस आणता येते. मी दुकानातून प्रोग्राम घेऊन येतो, घंटाभरात काढून देतो."

सुमेधाबाईंच्या जिवात जीव आला. त्यांनी सहज सत्यभामाबाईंकडे पाहिले. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"नाही," शरच्चंद्रराव म्हणाले. "ज्याच्यावर संशय त्याच्याच हाती यंत्र द्यायचं? पुढच्या रविवारच्या बैठकीपर्यंत तू याला स्पर्श करायचा नाहीस."

"संशय? माझ्यावर?" दिवाकर हसला, मग त्याच्या लक्षात आले की कोणीच हसत नाही. "काका, मी याच पुस्तकांवर अ आ ई शिकलो. मी काहून पुसीन?"

"सीडीवर तुझं नाव नव्हतं म्हणून तू कुरकुरला होतास. मी ऐकलं होतं."

"मजाक केला होता मी!"

"किल्ली," शरच्चंद्ररावांनी हात पुढे केला.

"राव, किल्ली घ्या, पण संगणक तसाच ठेवा," सुमेधाबाई म्हणाल्या. "निदान तेवढं करा."

रावांनी मान हलवली. बाई त्या मानेवर विसंबल्या.

सोमवारी त्या वाचनालयात गेल्या तेव्हा पडद्यावर नवाकोरा हिरवा डोंगर आणि निळे आकाश होते.

"व्हायरस होता, दीदी," नीलकंठ जिन्यावरून म्हणाला. "सारखा रिस्टार्ट मागत होता ना? काकांनी सांगितलं, साफ कर. माझ्या पोरानं हेडफोन काढून ठेवला अन् पूरी डिस्क फॉर्मॅट केली. एकदम चकाचक."

३

दिवाकरच्या दुकानाचे शटर अर्धे ओढलेले होते. आत तो स्टुलावर बसून एका कीबोर्डमधली धूळ काढत होता.

"फॉर्मॅट करून वर विंडोज टाकली?" त्याने ऐकले आणि ब्रश खाली ठेवला. "मग गेलं, बाई. आता थोडंफार तुकड्यातुकड्यात मिळालं तर मिळालं. आवाज नाही मिळायचा."

"शनिवारी तुला हात लावू दिला असता तर?"

"सगळ्या आल्या असत्या." तो रस्त्याकडे बघत राहिला. "सकाळी देशपांडे काकू आल्या होत्या. त्यांची मशीन रिपेअरला होती. म्हणाल्या, राहू दे बेटा, तशीच दे. वर म्हणतात, आमचे फोटो आहेत त्यात. म्हणजे मी फोटोही खातो आता. बाई, माझं अर्ध्याहून जास्त काम मराठी घरातलं आहे. रविवारी बैठकीत ठराव झाला, की मी दुकान उचलून जाऊ कुठं? पाटणला?"

"तुझी पाळी आली असती तर तू कसं पुसलं असतंस?"

"तुम्ही बी?"

"विज्ञानाचा प्रश्न आहे. उत्तर दे."

दिवाकरने खांदे उडवले. "सुरू करीन, फाइल धरीन, पुसीन, बंद करीन. हेडफोन काहून लावीन? पुसायला कान लागत नाही."

बाई थबकल्या. "आणि लावायचाच झाला तर?"

"तर वरच्यात. मीच तर अष्टमीला वरच्यात लावून, रिस्टार्ट करून, सगळं जमवून गेलो होतो. खालच्यात लावला की तो पुन्हा विचारणार हे मला माहीत नाही काय? वर कुंकू असो की शेंदूर, अंगठ्यानं पुसतो अन् लावतो. धंद्यात एवढं भ्यायलं तर चुलीवर काय ठेवायचं?"

तिथून बाई शरच्चंद्ररावांकडे गेल्या. त्यांनी चहा मागवला आणि आपण सीडीसाठी लिहिलेली प्रस्तावना वाया गेल्याचे दुःख बराच वेळ सांगितले.

"राव, त्या गोष्टी तुम्ही पूर्ण ऐकल्या होत्या?"

"कशा ऐकणार? तो हेडफोन कानाला लावला की माझं कानातलं यंत्र शिट्टी मारतं. समोर बसून जेवढ्या ऐकल्या तेवढ्याच." ते हसले. "पण ते अस्वल! भय्यासाहेबांनी काय नक्कल करावी! सत्यभामाबाईंचंही कौतुक हो. एवढं साधं, भोळं माणूस विरळा."

"संगणक व्हायरसमुळे प्रश्न विचारत नव्हता," बाई म्हणाल्या. "हेडफोनची जागा बदलली होती, इतकंच. तो प्रश्न हाच आपला साक्षीदार होता. तुम्ही तो पुसून टाकलात."

"सुमेधाताई, यंत्राचं तुम्ही आम्हाला शिकवू नका. मला जे योग्य वाटलं ते केलं."

नीलकंठला विचारायला जावे लागले नाही. तो वाचनालयाच्या जिन्यातच भेटला आणि आपण होऊन म्हणाला, "दीदी, सच बोलू? मी असतो तर मशीन चालू सोडून जातो काय? रोज शाम को वीस मशिनी बंद करतो मी. फक्त पडद्याचं बटण दाबून घरी जायचं, हे तर नौसिखिया का काम है."

बाई जिन्याच्या पायरीवर बसल्या. मुलांना त्या नेहमी सांगत की उत्तर दिसत नसेल तर प्रश्न मोठ्याने म्हणा. आज त्यांना तो मोठ्याने म्हणायची हिंमत झाली नाही.

४

तरी मन थांबले नाही. चाळीस वर्षे फळ्यावर एकेक पायरी लिहिलेली बाई ती.

जो कोणी आला त्याला पुसण्याआधी ऐकायचे होते. म्हणून हेडफोन. दिवाकरला ऐकायची गरज नव्हती. शरच्चंद्ररावांना ऐकता येत नव्हते.

ऐकताना त्याने वरचा पोर्ट सोडला. तिथे कुंकू होते. अक्षतांचे दाणे पडतील, ठसा मोडेल, म्हणून त्याने तार खालच्यात घातली. पूजेनंतर यंत्राला हात लावू नये हे तर त्याने मोडलेच होते. पण टिळा मोडवला नाही. खालून लावले म्हणजे संगणकाला काही कळणार नाही, असे त्याला वाटले असेल. नेमके तिथेच संगणकाने विचारले, तू कोण?

काम झाल्यावर त्याने पडद्याचे बटण दाबले आणि समोर अंधार झाला म्हणजे यंत्र बंद झाले असे धरून चालला. नीलकंठने हे जन्मात केले नसते.

आणि पुसताना त्याने शिफ्टचे बटण दाबून ठेवले होते, नाहीतर फाइली कचरापेटीत सापडल्या असत्या. हा धडा श्रावणात सुमेधाबाईंनी स्वतः दिला होता. 'कागद टोपलीत टाकणं वेगळं आणि जाळणं वेगळं,' असे म्हणून त्यांनी दोन बोटे कुठे ठेवायची ते दाखवले होते. समोर मुले होती. मागे, कपाटापाशी, आणखी एकजण होते.

बाई उठल्या. संध्याकाळ अजून व्हायची होती आणि सत्यभामेचे घर दोन गल्ल्या पलीकडे होते.

५

"ये ना सुमे," सत्यभामाबाई म्हणाल्या. त्या ओट्यावर मेथी निवडत होत्या. "चहा टाकू?"

"टिळा तू का नाही मोडलास?"

मेथीची जुडी हातातच राहिली. मग सत्यभामाबाईंनी ती हळूच ताटात ठेवली आणि पदराला हात पुसले.

"मीच लावला होता ना," त्या म्हणाल्या. "मीच कसा मोडू?"

आतल्या खोलीत भय्यासाहेबांच्या तसबिरीला दसऱ्याचा हार होता, अजून ताजा.

"दसऱ्याला सगळे चल समारोहाची मिरवणूक बघायला गेले तेव्हा गेली मी," सत्यभामाबाई सांगू लागल्या. "पुसायला नव्हती गेली, देवाशपथ. ऐकायला गेली. तुम्ही म्हणून राहिले होते, सीडी निघणार, घरोघरी जाणार. मला वाटलं, एकदा ऐकू तरी. मी समोर असली की ते तसं बोलायचे. मी चहा करायला गेल्यावर, माझ्या पाठीमागं, कधी काही बरं बोलले असतील. एक तरी. सगळ्या ऐकल्या मी, सुमे. पहिलीपासून. एकीतही नाही."

"भामा, त्या गंमतीच्या गोष्टी..."

"अस्वल खरं होतं."

सुमेधाबाई ओट्याच्या कडेला बसल्या.

"कुंडमला, ओसरीत आलं होतं. पोर पाळण्यात होतं. छत्री माझ्या हातात होती, काळी, त्यांचीच. मी ती फटकन उघडली अन् त्याच्या तोंडासमोर धरली, अन् ओरडत राहिली, ते जाईपर्यंत. झाडावर ते चढले होते. उतरताना पाय मुरगळला त्यांचा. मीच हळद लावली." त्यांचा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "पहिल्यांदा पाहुण्यांसमोर उलटी करून सांगितली तेव्हा मी गप बसली. नवऱ्याची लाज राखावी म्हणून. मग तीच खरी झाली. आता पोरं मला बघून छत्री उघडतात अन् किंचाळतात. सीडी निघाली असती तर मी मेल्यावरही किंचाळली असती."

"मला सांगायचं होतंस."

"तुला?" सत्यभामाबाई हसल्या. "तू तर सगळ्यांत पुढं बसून हसायचीस. डोळे पुसायचीस हसता हसता."

सुमेधाबाईंनी ताटातली एक काडी उचलून निवडायला घेतली.

"दिवाकर म्हणाला ना, वापस आणता येते," सत्यभामाबाई म्हणाल्या. "तेव्हा मी भिंत धरली. भीतीनं की आशेनं, मला अजून नाही समजलं. शेवटी आवाज तर त्यांचाच होता. मला वाटलं, आणेल तो परत, अन् मला पुन्हा ठरवायला मिळेल. मग या लोकांनी फॉर्मॅट का काय ते केलं."

"त्या पोराचं दुकान बसायला आलंय, भामा."

"माहीत आहे." त्यांनी मेथीचे ताट पुन्हा पुढे ओढले. "रविवारी मी सांगते सगळ्यांना. मला काय आता."

६

रविवारी वाचनालयात समितीचे सगळे जमले. दिवाकर दाराजवळ उभा होता. त्याला कोणी बसायला सांगितले नाही.

शरच्चंद्ररावांनी ठराव वाचायला घेतला तशा सत्यभामाबाई उठल्या. "गोष्टी मी पुसल्या," त्या म्हणाल्या. "दिवाकरने नाही. मी पुसल्या."

नीलकंठ फिसकन हसला, आणि त्याच्या मागोमाग खोलीभर हसू पसरले. वाईट हसू नव्हते ते, मायेचेच होते.

"वा काकू! दिल बडा आहे तुमचा!"

"अहो सत्यभामाबाई," शरच्चंद्रराव समजुतीने म्हणाले, "या मुलाची दया आली, समजू शकतो. पण कम्प्युटर, आणि तुम्ही? तुम्ही ट्रंक कॉलवर..." त्यांनाही हसू आवरले नाही.

सत्यभामाबाई उभ्याच होत्या. त्यांनी सुमेधाबाईंकडे पाहिले. त्या नजरेत विनवणी नव्हती. बघ, एवढेच होते.

सुमेधाबाई उठल्या. "विज्ञानात कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाहीत, राव. प्रयोग करतात." त्यांनी संगणक सुरू केला, स्वतःच्या आवाजात दोन वाक्ये नोंदवलेली एक फाइल त्यात ठेवली आणि पडदा बंद केला. हेडफोन गुंडाळून समोर ठेवला. डब्यावरचे कुंकू अजून तसेच होते. त्या शनिवारी ते पुसायचे राहून गेले ते राहूनच गेले होते. "भामा, दसऱ्याला केलंस तसं कर. कोणी काही सांगायचं नाही."

सत्यभामाबाई खुर्चीवर बसल्या. त्यांनी पडदा सुरू केला. हेडफोनची तार उचलली, वरच्या पोर्टपाशी नेली आणि टिळा पाहून हात खाली आणला. तार खालच्या पोर्टमध्ये गेली. पडद्याच्या कोपऱ्यात काहीतरी लुकलुकले. त्यांनी हेडफोन डोक्यावर चढवला, फाइल उघडली आणि शेवटपर्यंत ऐकली, अगदी स्तब्ध बसून. मग एक बोट शिफ्टवर, दुसरे डिलीटवर. फाइल गेली. त्यांनी हेडफोन काढून गुंडाळून ठेवला, पडद्याचे बटण दाबले, आणि पडदा काळा होताच खुर्ची मागे सारून उठल्या.

"झालं बंद," त्या म्हणाल्या.

सुमेधाबाईंनी पुढे होऊन पुन्हा ते बटण दाबले. करड्या रंगाची चौकट पडद्यावर उभी होती. नवीन उपकरण बसवले आहे. संगणक पुन्हा सुरू करावा लागेल. आता करायचा का?

"त्या शनिवारी मी हेच पाहिलं होतं," सुमेधाबाई म्हणाल्या. "हाच पोर्ट, हाच टिळा, हीच चौकट. कचरापेटी उघडून बघा हवी तर. रिकामी असेल."

कोणी उघडून बघितली नाही. शरच्चंद्ररावांनी ठरावाचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

"पण... का?" त्यांनी विचारले. "इतक्या सुंदर गोष्टी. स्वतःच्या यजमानांचा आवाज."

सत्यभामाबाईंनी सगळ्यांकडे एकदा पाहिले. "अस्वल खरंच होतं," त्या म्हणाल्या.

अस्वल हा शब्द निघाला आणि मागच्या बाकावर कोणाला तरी सवयीने हसू फुटले. ते लगेच दाबले गेले, पण ऐकू यायचे ते आले होते. सत्यभामाबाईंनी पदर नीट केला, आपली किल्ली टेबलावर ठेवली आणि त्या बाहेर पडल्या. त्यांच्या चपलांचा आवाज फाटकापर्यंत ऐकू येत राहिला. सुमेधाबाई दारापर्यंत गेल्या. सत्यभामेबरोबर चालत जाऊन काय बोलायचे ते त्यांना सुचेना, म्हणून त्या परत येऊन बसल्या.

"दिवाकर," शरच्चंद्रराव घसा साफ करून म्हणाले, "झालं ते झालं. गैरसमज होतात. ही तुझी किल्ली. आणि ते तेवढं बघ बाबा, तो प्रश्न. पुन्हा सुरू करायचं असेल तर करून टाक."

दिवाकर दारातून हलला नाही. किल्लीकडे त्याने पाहिलेही नाही.

"तुम्हीच दाबा, काका," तो म्हणाला. "मी हात लावला, अन् उद्या अजून काही गेलं तर?"